गल्ल्याशेजारची दानपेटी आणि तिची किल्ली

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटकोपर, मुलुंड आणि ठाणे येथे एका फास्ट फूड साखळीच्या तीन शाखा आपण फ्रँचायझी म्हणून चालवता. मुख्य कंपनीने पुढच्या तिमाहीत प्रत्येक कॉम्बोमागे एक रुपया मुलांच्या आरोग्यासाठी देण्याची मोहीम ठरवली असून गल्ल्याशेजारी दानपेटी ठेवण्यासही सांगितले आहे. आपल्या वडिलांचे म्हणणे असे की आपण खाणे विकतो, धर्मादाय संस्था चालवत नाही. पत्नीला मात्र हे काम मनापासून करावेसे वाटते. अशा साखळ्यांनी समाजकार्याला मदत करावी का, आणि करायची तर कशी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी अकरा वर्षे अशाच एका साखळीत शिफ्ट मॅनेजरपासून विभागीय व्यवस्थापकापर्यंत काम केले आणि त्यानंतरची चौदा वर्षे मुंबईतील संस्था व कंपन्या यांच्यातील करार, हिशेब आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी यांत घालवली. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिलेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मदत जरूर करावी, असेच माझे मत आहे. पण ती मालकाच्या नफ्यातून व्हावी, ग्राहकाच्या सुट्ट्या पैशांतून नव्हे. आणि विक्रीच्या आकड्याला तर ती शक्यतो बांधूच नये. वडिलांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. जो माणूस दुसऱ्याच्या खिशातले पैसे गोळा करून स्वतःच्या नावाची पावती फाडतो, त्याने खरोखरच खाणे विकण्याचे काम करावे हे बरे.

आधी त्या एका रुपयाचा हिशेब मांडू. समजा, आपल्या एका शाखेत महिन्याला अडीच हजार कॉम्बो जातात आणि एका कॉम्बोची किंमत २५० रुपये आहे. म्हणजे सव्वासहा लाखांच्या विक्रीवर संस्थेला मिळणार २,५०० रुपये, शेकडा ४० पैसे. दारातला स्टँडी म्हणजे उभा जाहिरात फलक, टेबलावरची पत्रके, ट्रेमध्ये अंथरायचे छापील कागद आणि मेन्यू बोर्डावरची नवी चित्रे यांचा खर्च आपण स्वतः काढून पाहा. तो या रकमेच्या पुढे गेला नाही तर मला आश्चर्य वाटेल. शिवाय अशा मोहिमांच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा कमाल मर्यादा लिहिलेली असते. ती गाठल्यानंतर विकल्या गेलेल्या कॉम्बोमागे काहीच जात नाही, पण स्टँडी तिमाही संपेपर्यंत दारात उभा असतो. बिल पूर्णांकात करून वरचे दोन-तीन रुपये दान म्हणून मागण्याची पद्धत तर मला त्याहून खटकते. मागे रांग, शेजारी मुले, समोर हसून विचारणारा विशीतला पोरगा, आणि 'नको' म्हणायला मिळणारी पाच-सहा सेकंदे, अशा अवस्थेत निघालेल्या 'हो'ला उदारपणा म्हणणे कठीण आहे. त्या पोरालाही शिफ्टमागे किती 'हो' मिळाले याचा आकडा दाखवावा लागतो, हे रांगेतल्या कोणाला ठाऊक नसते.

दानपेटीबद्दल मी अनुभवावरून सावध झालो आहे. मी शाखा सांभाळत होतो त्या काळात आमच्याकडे पारदर्शक ॲक्रिलिकची, वर फट ठेवलेली एक पेटी आली. ती उघडायची वेळ रात्री पावणेएकची, म्हणजे शटर अर्धे ओढून, फ्रायर बंद करून, कॅश जुळवताना. सॉसने एकमेकांना चिकटलेली नाणी, चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, एखादी फाटकी वीसची, एकदा कुणाचा तरी लोकलचा मुदत संपलेला पास, असा ऐवज स्टीलच्या टेबलावर ओतायचा, मोजायचा आणि पाकिटात घालून तिजोरीत ठेवायचा. किल्ली शिफ्ट मॅनेजरच्या खणात असे. एखाद्या रात्री कॅश तीनशे-साडेतीनशेने शॉर्ट येई, आणि ती भरपाई पगारातून कापली जाऊ नये म्हणून कोणी तरी म्हणे, "पेटीतले घेऊ, उद्या टाकू." दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा टाकलेही जात. पाच महिन्यांनी मुख्य कार्यालयाकडून कळले की ज्या संस्थेसाठी पेटी होती तिच्याशी करारच झालेला नाही, तेव्हा पैसे शाखेतच ठेवा. त्या दिवशी तिजोरीत जी रक्कम निघाली ती बरोबर होती की कमी, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. चोरी झाली असे मी म्हणणार नाही. नोंदच नव्हती, तर चोरी ठरवणार कशावरून? पण पेटीवरच्या चित्रातली ती हसरी मुलगी पाच महिने आमच्याकडे पाहत होती, आणि तिच्यापर्यंत एक रुपयाही गेलेला नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला तिचा उपयोग मुख्य कार्यालयाला प्रश्न विचारण्यापुरताच आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. मागील आर्थिक वर्षात ५०० कोटींची नक्त मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे ते सांगते. आपल्या तीन शाखा त्या कक्षेत येणार नाहीत. मुख्य कंपनी येऊ शकते, पण तिची सरासरी तोट्यात असेल तर शून्याचे २ टक्के शून्यच. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्या मालाची जाहिरात साधावी म्हणून प्रायोजकत्वाच्या रूपाने केलेला खर्च, नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेले काम आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम, ही तिन्ही या खर्चात धरली जात नाहीत. ग्राहकाने पेटीत टाकलेला रुपया तर कंपनीच्या नफ्यातला नाहीच. तेव्हा कॉम्बोमागचा रुपया कोणाच्या खात्यातून जाणार, आपण कंपनीला देता त्या रॉयल्टीतून की आपल्या गल्ल्यातून, आणि वार्षिक अहवालात तो कोणाच्या नावावर दिसणार, हे लेखी विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तर त्यातच निम्मे उत्तर मिळेल. संस्थेच्या नावाने दुकानात पैसे घेणार असाल तर त्या संस्थेचे अधिकारपत्र हाती हवे. सार्वजनिक उत्सवाच्या मंडळालासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते, मग आपण कोण मोठे? वरळीच्या कार्यालयात एकदा चौकशी केलेली बरी.

आता आपल्या धंद्यालाच चिकटलेली अडचण. कापडाच्या किंवा सिमेंटच्या कंपनीने मुलांच्या आरोग्यासाठी पैसे दिले तर कोणी भुवई उंचावत नाही. तळलेले खाणे आणि गोड पेये विकणाऱ्याने दिले तर लोक ताटाकडे बोट दाखवतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत केएफसीने सुझन जी. कोमेन या स्तनकर्करोगासाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर गुलाबी बादल्यांची मोहीम चालवली. बादलीमागे ५० सेंट असा दर होता आणि जमलेली रक्कम ४२ लाख डॉलरच्या घरात गेली. पैसा थोडा नव्हता, तरी संस्थेवर टीकेची झोड उठली, कारण रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगाचा धोका लठ्ठपणामुळे वाढतो आणि विकली जात होती ती तळलेल्या कोंबडीची बादली. मदत विक्रीला बांधली की असे होते: जितके जास्त खाल तितके पुण्य, हा संदेश न बोलता जातो. आपल्याकडे तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. एकाच चाळीत दोन्ही टोके नांदतात. म्हणून 'मुलांच्या आरोग्यासाठी' हे शब्द आपल्या मेन्यू बोर्डाशेजारी लावताना मला तरी अवघडल्यासारखे होईल. शाळांच्या बाबतीत प्रश्न नुसत्या संकोचाचा नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. तेव्हा क्रीडादिनाला आपल्या चिन्हाच्या टोप्या वाटण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला तिथेच नकार द्यावा.

(वडापावच्या साखळ्यांनाही हे सगळे लागू आहे, असे मी मानतो. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास सुरू झालेला हा पदार्थ आपला म्हणून त्याचे तेल कमी तेलकट होत नाही.)

मग आपल्या धंद्याने द्यावे तरी काय? मला ज्या एका प्रसंगाने याचे उत्तर दिले तो लिहितो. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास, अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या फुटपाथवर आणि लगतच्या गल्ल्यांत, बिहार-बंगालपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे पोराबाळांच्या उपचारासाठी महिनोन्‌महिने दिवस काढतात, हे मुंबईकराला सांगायला नको. तिथल्या एका निवासात एका साखळीने दोनशे जेवणांचे डबे, प्रत्येकात एक खेळणे आणि सोबत एक भला मोठा फलक पाठवला. मी त्या वेळी संस्थेच्या बाजूने हजर होतो. निवासातली बहुतेक मुले केमोथेरपीवर होती; त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि ताजे, पूर्ण शिजलेले, शक्यतो घरचेच अन्न द्या असे डॉक्टरांनी बजावलेले असते. फोटो झाले, गाडी गेली, आणि नंतरचा अर्धा तास आया मुलांच्या हातून डबे सोडवत होत्या. खेळणे ठेव, डबा परत दे, अशी समजूत घालत होत्या, आणि मुले रडत होती. बीडकडची एक बाई मला म्हणाली, "साहेब, खाऊ नका आणू, एक शेगडी वाढवून द्या. वरणभाताची पाळी यायला दीड तास लागतो, तवर पोरगं झोपून जातं." स्वयंपाकघरात जाऊन पाहिले. चौदा कुटुंबांत दोन बर्नर, एकाची ज्योत पिवळी, धुराला खिडकीखेरीज वाट नाही आणि सिंकमध्ये पाणी तुंबलेले.

हे मी त्या साखळीच्या अधिकाऱ्याला तसेच्या तसे सांगितले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे, तो रागावला नाही. आठवडाभरात त्यांचा मेंटेनन्सचा माणूस निवासात आला. त्यांच्या एका बंद झालेल्या शाखेतला चार बर्नरचा स्टँड, धूर ओढणारी चिमणी आणि पाण्याचा फिल्टर त्याने बसवला, गॅसची नळी बदलली, मोरीला तेलकट गाळ अडवणारा ग्रीस ट्रॅप लावला. त्यानंतर दर महिन्याला येऊन तो भिंतीवरच्या तक्त्यात लिहून जाई: 'फिल्टर धुतला', 'बर्नर साफ', आणि पुढे तारीख. फलक नव्हता, फोटो नव्हता. दोनशे डब्यांना लागला होता त्याहून खर्च फार जास्त आला असे मला वाटत नाही. वेळ मात्र जास्त गेला, तोही कामाची जाण असलेल्या माणसाचा. स्वच्छ, सुरक्षित आणि घाईच्या वेळीही न कोलमडणारे स्वयंपाकघर कसे चालवायचे, हे आपल्या धंद्याला जितके कळते तितके मुंबईत फार थोड्यांना कळते. आपल्याकडे देण्याजोगी वस्तू असेल तर ती हीच आहे, आणि ती कॉम्बोबरोबर विकता येत नाही.

रुग्णाच्या नातेवाइकाला डोके टेकायला जागा लागते, हे गाडगे महाराजांना कोणी सर्वेक्षण करून सांगितले नव्हते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांची माणसे राहतात. फास्ट फूडच्या जगात याच गरजेतून निघालेले सर्वांत नावाजलेले काम म्हणजे फिलाडेल्फियात १९७४ मध्ये सुरू झालेले पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस. तिथल्या फुटबॉल संघातील एका खेळाडूच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला, डॉ. ऑड्री इव्हान्स यांनी आईवडिलांसाठी रुग्णालयाजवळ घर हवे असे सुचवले, आणि मॅकडोनाल्ड्सच्या स्थानिक शाखांनी शॅमरॉक शेक या हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतून त्याला पैसा दिला. आपण लगेच म्हणाल की हा तर विक्रीला बांधलेलाच पैसा झाला. खरे आहे, आणि म्हणूनच वर मी 'शक्यतो' हा शब्द वापरला. फरक इतकाच की तिथे गरज आधी ठरली होती, घर कोणासाठी आणि कशासाठी, हे शेक विकायच्या आधी कळलेले होते. आपल्याला आलेल्या परिपत्रकात 'मुलांचे आरोग्य' यापलीकडे काही लिहिले आहे का, ते एकदा पाहावे.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पत्नी तो विचारतील. रात्रीच्या वेस्ट शीटवरचा, म्हणजे टाकून द्यायच्या यादीतला माल पाहून कोणाच्याही पोटात तुटते. तरीही होल्डिंग टाइम, म्हणजे तयार झाल्यावर ठेवण्याची ठरलेली वेळ, संपलेले फ्राइज आणि तयार बर्गर वाटण्याच्या फंदात पडू नये. ते जेवण नव्हे, आणि दोन तासांत ते धड राहतही नाहीत. पाव, न चिरलेली भाजी, दूध, चीज, मुदत जवळ आलेली सीलबंद पाकिटे यांचे मात्र नीट काम होऊ शकते. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. अन्न उचलणारी संस्था नोंदणीकृत असावी, शाकाहारी-मांसाहारी वेगळे आणि चिठ्ठी लावलेले असावे, नोंदी ठेवाव्यात, असा त्यांचा रोख आहे. शिजवलेले काही द्यायचेच असेल तर ते गरम म्हणजे ६० अंशांच्या वर आणि थंड म्हणजे ५ अंशांच्या खाली राहील अशी गाडी संस्थेकडे आहे का, हे आधी विचारावे. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेल्या रोटी बँकेसारख्या संस्था हे काम करतात. रिक्षात पिशव्या टाकून पुलाखाली वाटायला जाण्याचा उत्साह, विशेषतः मे महिन्यात, आवरावा. आणि श्रावणात चिकनचे काही पाठवण्यापूर्वी फोन करावा, हे सांगणे न लगे.

कोणते काम निवडावे याविषयी फार लिहीत नाही. वेंडीज या साखळीचे संस्थापक डेव्ह थॉमस स्वतः दत्तक गेलेले होते. त्यांनी १९९२ मध्ये मुलांच्या दत्तकविधानासाठी प्रतिष्ठान काढले आणि त्या निवडीवर कोणी शंका घेतली नाही, कारण ती त्यांच्या आयुष्यातून आली होती. उलट चिक-फिल-ए या साखळीच्या देणग्यांवर समलिंगी हक्कांच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे टीका होत राहिली आणि अखेर २०१९ मध्ये तिने शिक्षण, बेघरपणा व भूक या विषयांपुरते देणे मर्यादित करत असल्याचे जाहीर केले. गल्ल्यावर सगळ्या जातीधर्मांची, सगळ्या पक्षांची माणसे येतात. मालकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे दान करायचे असेल तर त्याने ते घरच्या पैशातून, घरच्या नावाने करावे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते. रात्री शाखा बंद करून शेवटची कर्जत लोकल पकडणारा आपला क्रू आणि पावसात बॅग पाठीला लावून फिरणारे डिलिव्हरीचे पोरगे यांचा ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधी आणि विमा वेळेवर भरला जातो का? वर सांगितल्याप्रमाणे केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च कायदा सामाजिक खर्चात धरत नाही, आणि ते मला योग्यच वाटते, कारण ते देणे आहे, दान नव्हे. ज्या शाखेत लोकलसाठी धावणाऱ्या मुलीला दहा मिनिटे आधी सोडले जात नाही, त्या शाखेच्या दारातला समाजकार्याचा स्टँडी तिथे काम करणारे कसा वाचतात, हे मी क्रू रूममध्ये बसून ऐकलेले आहे. ते इथे लिहिण्यासारखे नाही. याच्या दुसऱ्या टोकाला केएफसीच्या भारतातील काही शाखांचे उदाहरण आहे, जिथे ऐकू-बोलू न शकणारे कर्मचारी काउंटर सांभाळतात आणि ग्राहक मेन्यूवर बोट ठेवून ऑर्डर देतो. तिथे कोणी कोणाला रुपया देत नाही, पगार देतो.

तेव्हा आपण असे करावे. तिन्ही शाखांच्या गेल्या वर्षीच्या नफ्यातून झेपेल अशी एक ठरावीक रक्कम, मग ती पन्नास हजार का असेना, बाजूला काढावी आणि विक्री वाढो वा घटो, तीन वर्षे तेवढी देण्याचे संस्थेला लेखी कळवावे. संस्थांना मोठ्या आकड्यापेक्षा पुढच्या वर्षाची खात्री जास्त उपयोगी पडते. घाटकोपर, मुलुंड, ठाण्यातलीच एखादी जागा शोधावी, जिथे स्वयंपाक होतो पण धड होत नाही: रुग्णालयाजवळचा निवास, मुलांचे वसतिगृह, वृद्धाश्रम. पाहणीला वडिलांना सोबत न्यावे. खाणे विकणाऱ्या माणसाला तिथला बिघाड सगळ्यांत आधी दिसेल, आणि माझा अंदाज आहे की परत येताना गाडीत ते एक्झॉस्ट फॅनच्या किमतीविषयी बोलत असतील.

कंपनीची मोहीम कराराने बंधनकारक असेल तर ती चालवावी, पण एका रुपयाचा प्रश्न लेखी विचारून. आणि पेटी ठेवावीच लागली, तर तिची किल्ली शाखेत राहू देऊ नये. ती संस्थेकडे असावी, दर पंधरवड्याला संस्थेचा एक आणि आपला एक अशा दोघांनी दिवसाउजेडी, ग्राहकांसमोरच्या टेबलावर पैसे मोजावेत, आकडा आणि तारीख मार्करने पेटीवरच लिहावी आणि पावती तिच्या शेजारी चिकटवावी. रात्री पावणेएकला, कॅश जुळवताना, ती पेटी कोणी उघडायची नाही.